गोजरबाईची अकरा लेकरं

पिशोरच्या गोजरबाईला तीन वर्षांच्या आतली अकरा लेकरं होती. त्यांतली दोन एकाच आठवड्यातली. जुळी म्हणावीत तर एक सोमवारी जन्मलेलं, दुसरं शुक्रवारी. आणि गोजरबाईचं वय एकसष्ट. हे सगळं संस्थेच्या फाईलमध्ये नीट नोंदलेलं होतं, त्यावरून लसीची कार्डं छापून गावात वाटली जात होती, आणि कुणाला त्यात काही वावगं वाटलं नव्हतं. अदीबाला वाटलं. ती मुळातच नाकावर माशी बसू न देणारी बाई, आणि चुकीच्या नोंदींवर तर तिचा दातच होता.

संस्था तशी लहान. पिशोर आणि आसपासच्या वाड्यावस्त्यांवरच्या बाळांच्या लसी वेळेवर व्हाव्यात, एवढंच तिचं काम. कचेरी मात्र शहरात, गारखेड्यात, एका पिठाच्या गिरणीच्या वरच्या मजल्यावर. गिरणी चालू झाली की टेबलावरचा चहा थरथरायचा आणि संध्याकाळपर्यंत कीबोर्डवर पिठाची पातळ साय जमायची. अदीबाला इथं नऊ महिने झाले होते. तिच्याआधी पंधरा वर्षं बासितभाई होते. फाईल त्यांनीच बांधली, त्यांनीच सांभाळली, आणि गेल्या जूनमध्ये एका दुपारी, चहा येईपर्यंत जरा डोळे मिटतो म्हणाले, ते याच खुर्चीत कायमचे मिटले. खुर्ची बदलली नाही. संस्थेकडं तेवढी ऐपत असती तर आधी छताची गळती थांबवली असती.

कॉम्प्युटरही तोच होता आणि तो अजून बासितभाईंच्याच नावानं उघडायचा. त्यामुळं व्हायचं काय, की प्रत्येक नोंदीच्या शेवटी 'बदल कुणी केला' असा एक रकाना होता, त्यात फाईल आपणहून नाव टाकायची: बासित. अदीबानं सकाळभर मान मोडून काम करावं आणि दुपारी पाहावं, तर सगळं बासितनं केलेलं. पहिल्या आठवड्यात तिला हसू आलं होतं. पुढं पुढं ती त्या रकान्याकडं बघायचं टाळायला लागली.

फाईलमधलं मुख्य टेबल म्हणजे 'माणसं'. त्यात प्रत्येक माणसाला एक ओळ आणि एक नंबर. बाळ असो, आई असो, सगळे त्यातच. आता बाळाच्या ओळीत आईचा नंबर असतो, पण ती आईही त्याच टेबलात बसलेली. टेबलाला स्वतःशीच कसं जोडायचं? त्यासाठी या प्रोग्राममध्ये एक सोय आहे. नाती जोडायच्या खिडकीत तेच टेबल दुसऱ्यांदा आणून ठेवायचं आणि त्याला वेगळं नाव द्यायचं. बासितभाईंनी 'आई' असं दिलं होतं. ते खरं टेबल नव्हे. त्यात स्वतःचं काही नसतं, पहिल्याच टेबलाची ती सावली. पण एकदा ती सावली उभी केली, की तिच्यापासून बाळापर्यंत एक रेघ ओढता येते आणि फाईलला कळतं, कोण कुणाचं.

एप्रिलपासून फोनची सेवा सुरू व्हायची होती. लसीची तारीख जवळ आली की फाईल आईचा नंबर शोधणार आणि तिला आपोआप फोन जाणार. त्यासाठी फेब्रुवारीत अदीबानंच आवाज दिला होता. दर सोमवारी गिरणी बंद असते. तीन सोमवार ती सामानाच्या खोलीत दार लावून बसली आणि आयांची, बाळांची सहाशे नावं एकेक करून वाचली. सरूबाई. अंबिका. सायली. मशीन ती नावं उचलून वाक्याच्या मधे बसवणार होतं. "फोन जायच्या आधी फाईल एकदा स्वच्छ करा," व्यवस्थापक आदिनाथ सर म्हणाले. "भलत्याच बाईला भलत्याच पोराचा फोन गेला तर लोक आपल्याला वेड्यात काढतील."

हे तिला सांगायची गरज नव्हती. सात वर्षांपूर्वी अदीबाला मुलगी झाली होती. शाइस्ता. चार महिने जगली. गेल्यावर पंधराच दिवसांत एका खाजगी लसकेंद्राचा मेसेज आला, शाइस्ताचा पुढचा डोस चुकवू नका म्हणून. अदीबानं फोन करून सांगितलं. तिकडच्या मुलीनं सॉरी म्हटलं आणि पुढच्या महिन्यात पुन्हा मेसेज आला. असे दोन वर्षं येत राहिले. पहिल्या वाढदिवसाला तर केकच्या चित्रासकट आला. नवरा मुनीब म्हणाला, नंबर बदलून टाक. तिनं बदलला नाही. तिला वाटायचं, चूक त्यांची आहे, त्यांनी दुरुस्त करावी. तेव्हापासून तिनं एक नेम धरला: जे आहे ते आहे म्हणायचं, जे नाही ते नाही. कुणी विचारलं, किती मुलं, तर ती सरळ सांगायची, "एक होती. गेली." लोक नजर चोरायचे. चोरू देत. निदान होती हे तरी त्यांच्या कानावर पडायचं.

म्हणून गोजरबाईची ओळ दिसली तेव्हा ती पेटलीच. नंबर दोनशे बारा. ही बाई तर गेल्या दिवाळीत वारलेली, ते स्वतः अदीबानंच नोंदवलं होतं. अकरा तान्ह्या बाळांची आई एकसष्ट वर्षांची आणि वर मेलेली! दुपारभर ती त्या अकरा ओळी चाळत बसली. मग नात्यांच्या खिडकीत उजवीकडं, पार टोकाला सरकून पाहिलं, तेव्हा तिथं अजून एक सावली सापडली. 'माणसं'चीच, तिसऱ्यांदा आणलेली. तिला धड नावही नव्हतं, नुसतं 'माणसं_२'. बाळांच्या ओळीत शेवटी एक बिनशीर्षकाचा रकाना होता, त्यातून एक रेघ या सावलीला जोडलेली. अदीबानं ती रेघ धरून पाहिलं. अकराही बाळांपुढं अकरा वेगवेगळ्या बायका आल्या. तरुण, गाव जुळणाऱ्या, बाळंतपणाच्या तारखा जुळणाऱ्या. खऱ्या आया.

"हात तिच्या!" ती मोठ्यानं म्हणाली. तिला सगळा उलगडा झाला असं वाटलं. बासितभाईंनी आधी घाईत चुकीची आई टाकली असणार, नंतर बरोबर आई बाजूच्या रकान्यात लिहून ठेवली असणार, आणि ती जागेवर हलवायचं राहून गेलं. म्हातारा माणूस, विसरला. तिनं तो रकाना उचलून आईच्या जागी बसवला आणि ती निनावी सावली पुसून टाकली. सगळं मिळून एक मिनिटही लागलं नाही. अकरा ओळींच्या शेवटी नाव उमटलं: बासित, बासित, बासित.

'आई'ची यादी तिनं पुन्हा उघडली. सगळ्यांत वर गोजरबाई होती. मुलं: शून्य. ती यादी नंबरानं लावलेली, दोनशे बारानं वर यायचं काही कारण नव्हतं. तिनं यादी बंद करून उघडली. गोजरबाई वरच. खाली गिरणीचा पट्टा घसरला असावा, कारण एकाएकी सगळं शांत झालं आणि त्या शांततेत खुर्ची तिच्या खाली जराशी करकरली. ती हलली नव्हती. अदीबा उठली, पाणी प्यायली, आणि उन्हाचा त्रास म्हणून लवकर घरी गेली.

मंगळवारी सकाळी अकराला फोन गेले.

गुरुवारपर्यंत पिशोरकडच्या त्या अकरा बायकांपैकी नऊ जणींचे फोन बंद झाले. नुसते उचलत नव्हत्या असं नाही, बंदच. आदिनाथ सर म्हणाले, रेंज नसेल. अदीबाही तसंच म्हणाली. पण तिनं यादी उघडून पाहिली तेव्हा गोजरबाई वरच होती, आणि अदीबाच्या मनात आलं, ही बाई आपल्याकडं बघतेय. असं काही मनात येणं तिला मुळीच आवडलं नाही.

शुक्रवारी दुपारी बाराच्या सुमाराला दोन बायका जिना चढून वर आल्या. पुढं एक साठीची, काष्ट्याचं लुगडं, कपाळाला रुपयाएवढं कुंकू, हातात फडक्यात गुंडाळलेलं काहीतरी रुंद. मागं पंचविशीची, डोळे रडून सुजलेले. धनगरवस्तीवरच्या, हे अदीबानं ओळखलं.

"या, बसा ना," ती म्हणाली.

तरुण बाई दारातच थबकली. एक पाऊल मागं गेली आणि सासूचा दंड धरला. "आत्याबाई," ती कुजबुजली, "हाच. हाच आवाज."

म्हातारी अदीबाकडं बघत राहिली. मग शांतपणे खाली जमिनीवर बसली. "मी सखूबाई," ती म्हणाली. "ही माजी सून, सरिता. मंगळवारी तू फोन केलता हिला."

"मी नाही, मावशी. मशीन करतं. आवाज फक्त..."

"आवाज तुझाच नव्हं?"

"हो. माझाच."

"मंग तूच केलास." सखूबाईंना मशीनशी काही घेणंदेणं नव्हतं. "आंगणात बसलो व्हतो सगळे. फोन मोठ्यानंच लावतो आमी, मला कमी ऐकू येतं. तर त्यातनं तू बोललीस. 'सरिताबाई, तुमचा मुलगा कचरू.' येकदा नाय, दोनदा. सगळ्या वस्तीनं ऐकलं."

अदीबाला काही समजेना. "पण मग? कचरू त्यांचाच मुलगा ना?"

सरितानं दोन्ही कान झाकून घेतले. खरंच झाकले.

"आता तर बोलून झालंच हाय," सखूबाई म्हणाल्या, "तर ऐक. हिला तीन लेकरं झाली. तिन्ही गेली. येक आठ दिसाचं, येक सव्वा महिन्याचं, येक बोलायला लागलं व्हतं. चौथं झालं तवा आमी काय केलं, त्याला सुपात घातलं आन् उकिरड्यावर ठिवलं. गोजराबाय आली. तिची नऊच्या नऊ जगलेली, म्हनून आमच्याकडल्या समद्या तिलाच बोलावायच्या. तिनं इचारलं, हे कुनाचं गं? ही म्हनली, कुनाचंच नाय. तर मंग माजं, म्हनून तिनं उचललं, आन् पसाभर ज्वारी हिच्या पदरात टाकली. इकत घेतलं. नाव कचरू. त्या दिसापासनं ते हिचं नाय. ज्याला न्यायचं असंल त्यो हिच्या दारात येईल आन् रिकाम्या हातानं माघारी जाईल, कारन हिला लेकरूच नाय."

"मी त्याला आई म्हनू देत नाय, ताई," सरिता पहिल्यांदाच बोलली. "वैनी म्हनतो मला. दूध पाजते, पर लेकरा म्हनत नाय. दीड वरीस झालं. येकदाबी तोंडातनं गेलं नाय माज्या."

"आणि बासितभाईंना हे माहीत होतं?"

"त्यो लिहायला आलता," सखूबाई म्हणाल्या. "आईचं नाव काय घालू म्हनला. मी म्हनलं, गोजराबाय. त्यानं हिच्याकडं बघितलं, ही पाजत बसलेली. काय इचारलं नाय. बरं म्हनला आन् लिवलं. समजदार मानूस व्हता."

आणि कचेरीत येऊन त्यानं एक बिनशीर्षकाचा रकाना केला, एक निनावी सावली उभी केली, आणि खरं नातं तिथं नेऊन लपवलं. डॉक्टरला हवं असेल तर सापडावं, कार्डावर मात्र कधी छापून येऊ नये. कुठं टीप लिहिली नाही, कारण लिहिणं म्हणजे सांगणंच. पंधरा वर्षांत एकाही आईचं गुपित त्यानं फोडलं नाही, आणि मी त्याला विसरभोळा म्हणाले. अदीबाला स्वतःची इतकी लाज वाटली की तिला त्या खुर्चीत बसवेना. ती उठून त्या दोघींसमोर खाली बसली.

"कचरू कसा आहे?" तिनं विचारलं. विचारायची भीती वाटत होती.

"घाटी दवाखान्यात हाय. त्याच सांजंला ताप आला. तीन दिस झाले, उतरत नाय. त्याचा बाप बसलाय उशाशी."

एप्रिलचं ऊन होतं, वस्तीवरचं पाणी तळाला गेलेलं, आणि त्या आठवड्यात त्या भागातली निम्मी पोरं तापानं फणफणली होती. अदीबाला हे ठाऊक होतं. पण त्यांतली किती तिच्या आवाजानंतर आजारी पडली, हे मोजायची तिची हिंमत झाली नाही.

"मी आत्ता बदलते," ती म्हणाली. "पुन्हा गोजरबाईंचं नाव घालते. पण त्या तर वारल्या ना?"

"मेली म्हनून काय झालं? मेलेली आई तर लई राखते. तिच्यापुडं कोन जाईल?" सखूबाईंनी मान हलवली. "बाकीच्यांचं ते व्हईल. त्यांच्या घरी फोन कानाला लावून घेतला, गावानं ऐकलं नाय. आमच्या कचरूचं तसं नाय. त्याचं नाव मोठ्यानं घेतलं गेलं. ज्या तोंडानं सांगितलं, त्याच तोंडानं आता मागून घ्याया पायजे. तू इकत घे त्याला."

"मी?" अदीबानं विचारलं.

"येक बघावं लागतं," सखूबाई पुढं सरकल्या. "घेनारीचं जगलेलं पायजे. गेलेलं नको. तुला हायत नव्हं लेकरं?"

खाली गिरणी चालू होती. जमीन तळपायाखाली थरथरत होती. अदीबाच्या जिभेवर ते वाक्य तयार होतं, सात वर्षं रोज वापरून गुळगुळीत झालेलं. एक होती, गेली. ते बोललं की या दोघी उठतील, ते फडक्यातलं सूप उचलतील आणि जातील, आणि या भल्यामोठ्या शहरात अशी कुणी बाई शोधतील जिनं कचरूचं नाव कधी घेतलंच नव्हतं. सरिता तिच्या तोंडाकडं बघत होती. इतकं कुणी कुणाच्या तोंडाकडं बघू नये.

"आहे," अदीबा म्हणाली. "एक मुलगी."

"जितीजागती हाय?"

"हो."

"नाव काय?"

"शाइस्ता."

"केवडी हाय?"

"सात वर्षांची." शब्द आपले येत राहिले. "पहिलीत आहे. आता दुसरीत जाईल."

सखूबाईंनी सरिताकडं पाहिलं. सरितानं डोळे मिटून मान हलवली. अदीबाला वाटलं, आत्ता काहीतरी होईल. चोरी पकडली जाईल, छत कोसळेल, निदान आपल्याला रडू तरी फुटेल. काहीच झालं नाही. मुलीचा मृत्यू एवढीच एक गोष्ट तिनं इतकी वर्षं जिवापाड जपली होती, आणि ती तिनं आत्ता चार शब्दांत देऊन टाकली होती.

घाटीच्या आवारात कडुनिंबाचा वाळका पाला झाडून एका कोपऱ्यात लोटलेला होता. सलाईन संपली होती, दुसरी लावायला अवकाश होता. बाळाला जरा वाऱ्याला नेते म्हणून सखूबाईंनी सिस्टरची परवानगी काढली. फडक्यातलं सूप उघडलं. त्या गावाहूनच ते घेऊन निघाल्या होत्या. सरितानं कचरूला त्यात निजवलं. लहानसं, सुकलेलं पोर, हाताला सुईची पट्टी, ओठांना पापुद्रे. ते सूप तिनं पाल्याच्या ढिगावर ठेवलं आणि पाठ फिरवून उभी राहिली. येणारे-जाणारे बघत होते. अदीबाच्या ओळखीचं कुणी असतं तर? तिला त्याची पर्वा राहिली नव्हती.

"हे कुणाचं आहे?" तिनं विचारलं. मोठ्यानं, मशीनमध्ये बोलली होती त्याच आवाजात.

"कुनाचंच नाय," सरिता पाठमोरीच म्हणाली.

"मग माझं."

तिनं त्याला उचललं. अंग तव्यासारखं तापलेलं. त्यानं डोळे उघडून तिच्याकडं पाहिलं आणि रडायचीही ताकद नसल्यामुळं मान तिच्या खांद्यावर टाकली. सखूबाईंनी तिच्या मुठीत ज्वारी दिली, ती तिनं सरिताच्या पदरात ओतली. सात वर्षांत एवढं लहान मूल तिनं कडेवर घेतलं नव्हतं. द्यावंसं वाटेना. सखूबाईंनीच हळूच काढून घेतलं.

चार वाजता ती कचेरीत परत आली आणि त्या खुर्चीत बसली. नात्यांच्या खिडकीत पुसलेली सावली पुन्हा उभी केली. तिला नाव दिलं नाही. बाकीच्या दहा जणांचं खरं नातं त्या टोकाला नेऊन ठेवलं आणि आईच्या जागी दोनशे बारा लिहिलं. कचरूचंही खरं नातं तिकडंच नेलं. मग 'माणसं'मध्ये एक नवी ओळ काढली: अदीबा. कचरूच्या आईच्या जागी तो नंबर टाकला. एवढ्यावर थांबता आलं असतं. पण ज्या बाईचं एकही जगलेलं नाही, तिच्या नावावर ते पोर ठेवायचं? सखूबाई अडाणी असतील, त्यांनी एवढंच तर बजावून सांगितलं होतं.

तिनं अजून एक ओळ काढली. शाइस्ता. जन्मतारीख लिहिली. ती तारीख तिला झोपेतही आठवत असे. पुढचा रकाना मृत्यूचा. कर्सर तिथं लुकलुकत राहिला. तिनं तो ओलांडला. पुढच्या रकान्यात फाईलनं आपणहून हिशेब करून वय टाकलं: सात वर्षे चार महिने.

'आई'ची यादी उघडली. गोजरबाई आपल्या जागी गेली होती, मुलं दहा. खाली, अगदी शेवटी: अदीबा. मुलं दोन. हयात दोन. नोंदीच्या शेवटी बासित.

"माफ करा, बासितभाई," ती म्हणाली. खोलीत कुणी नव्हतं, पण न म्हणता राहणं बरं दिसलं नसतं.

सोमवारी आदिनाथ सरांनी पाहिलं. "अहो, हे गोजरबाईचं परत आलं की! आणि ही शेवटची नोंद..." ते थांबले. शाइस्ताचं नाव त्यांना ठाऊक होतं.

"बरोबर आहे ते, सर. राहू द्या. फक्त या मुलांना फोन जाणार नाहीत, मी स्वतः जाऊन सांगत जाईन."

सरांनी तिच्याकडं पाहिलं आणि फाईल मिटली.

कचरूचा ताप रविवारीच उतरला होता. औषधानं म्हणा, कशानंही म्हणा. आठव्या दिवशी तो वस्तीवर गेला. अदीबानं ती ओळ पुसायची असं ठरवलं होतं, पोर बरं झालं की लगेच. रोज सकाळी ती शाइस्तापर्यंत जायची, बोट बटणावर ठेवायची, आणि प्रोग्राम विचारायचा, ही नोंद कायमची काढून टाकायची का? ती 'नाही'वर बोट दाबायची. एकदा तिनं तिला पुरलं होतं. पुन्हा, स्वतःच्या हातानं, एका बटणानं, ते तिच्याच्यानं होईना. मुनीबला तिनं यातलं काही सांगितलं नाही.

मेच्या मध्याला सरिता एकटीच आली, कडेवर कचरू. गाल भरले होते पोराचे. "तुमाला दाखवाया आणलं," ती म्हणाली आणि त्याला बजावलं, "ही बघ, आई हाय." कचरूनं अदीबाकडं बघितलं, तोंड वाकडं केलं आणि 'वैनी' म्हणून सरिताच्या मानेत तोंड खुपसलं. दोघीही हसल्या. सरितानं खोलीभर नजर फिरवली.

"आमची ताई कुटं हाय? दिसत नाय."

"नानीकडं गेलीय. सुट्टी लागली ना."

"व्हय की." सरितानं पिशवीतून कागदाची पुडी काढली. "भावाकडनं बहिणीला म्हनून घेतलं. पिशोरच्या बाजारातलं हाय, लई भारी नाय. जावेची पोर बी सातचीच हाय, तिला उभी करून माप घेतलं."

पिवळा फ्रॉक होता, हिरव्या फिती लावलेला. अदीबानं तो खांद्यांना धरून समोर उलगडला. तो उलगडत खाली गेला, आणखी खाली गेला. मुलीच्या गुडघ्यापर्यंत येईल असा धरून पाहिला, तर खांदे तिच्या स्वतःच्या कमरेच्याही वर आले. तिच्या घरच्या पेटीत जे कपडे होते ते वीतभर होते. सात वर्षांची मुलगी एवढी उंच होते, हे तिला ठाऊकच नव्हतं.

"बसंल नव्हं मापाला?" सरितानं काळजीनं विचारलं.

अदीबानं फ्रॉकच्या खांद्याच्या थोडं वर, जिथं डोकं आलं असतं तिथं, पाहिलं.

"जरा सैल होईल," ती म्हणाली. "पण चालेल. वाढत्या अंगाची आहे."